गुडघ्याचं ठरलंय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. फोनवर सांगितलं तेव्हा आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबांनी एकामागून एक प्रश्न विचारले, पण एकाचंही उत्तर पूर्ण होऊ दिलं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बाबांनी मोठ्याने वाचायचं, आईने ऐकायचं, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दादाला फोन लावायचा नाही.

आधी काकांचा पाय डोळ्यांसमोरून बाजूला करा. तुम्ही दोघंही त्याच्याबद्दल बोलत नाही, पण मनात तेच चाललंय हे मला कळतं. त्या काळी गुडघा मोठा छेद घेऊन उघडायचे आणि मग मांडीपासून घोट्यापर्यंत आठवडेच्या आठवडे प्लास्टर. सांधा आखडायचा, मांडी वाळून जायची. डॉक्टरांचं चुकलं असं नाही, तेव्हा सगळीकडे तीच रीत होती. पुढे अमेरिकेतल्या शेलबर्न नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की जे रुग्ण सांगितलेलं न ऐकता लवकर पाय टेकायला लागले, तेच जास्त चांगले बरे होतायत. 1990 मध्ये त्यांनी ते मांडलं आणि तिथून चित्र पालटलं. आता दुर्बिणीतून काम होतं, गुडघ्याला पुढून लहान भोकं आणि एक बोटभर छेद, आणि दुसऱ्या दिवशी फिजिओ पाय सरळ करायला लावतात. प्लास्टर नाही. बाबा, हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

फाटलंय ते लिगामेंट म्हणजे एसीएल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या अगदी आत तिरकं बांधणारा, जेमतेम 3 सेंटीमीटर लांबीचा पट्टा. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना गुडघा निसटू द्यायचा नाही, हे त्याचं काम. सरळ चालायला तो नसला तरी फारसं अडत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला धडधाकट दिसते. एमआरआयच्या फिल्मवर जिथे ताठ काळी पट्टी दिसायला हवी तिथे माझ्या गुडघ्यात करडं, विस्कटलेलं काहीतरी आहे. डॉक्टरांनी पाय किंचित वाकवून नडगी हाताने पुढे ओढून पाहिली. उजव्या पायाची नडगी एका जागी येऊन टक्कन थांबली. डाव्या पायाची थांबलीच नाही, मऊ मऊ पुढे येत राहिली. ते मला स्वतःला आतून जाणवलं, आणि मग फिल्म बघायची गरजच उरली नाही.

बाबा, तुमचं म्हणणं की व्यायामाने भागत असेल तर कापाकापी कशाला. ते अजिबात चुकीचं नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या रुग्णांवर यासाठीच एक अभ्यास झाला, 2010 मध्ये तो छापून आला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. 2 वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच, आणि व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. हे वाचल्यावर मीही आधी व्यायामच धरला. फिजिओने सांगितलेला एकही दिवस चुकवला नाही. सूज उतरली, मांडी भरली, पाय पूर्ण सरळ व्हायला लागला. पण गुडघा सटकायचा थांबला नाही. वर्गात एका मुलाने मागून हात ओढला, मी वळले, आणि पाय खालून गेला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून आम्ही दोघंही वाचलो. त्याला काही झालं नाही, पण माझ्या कडेवर कुणाचं तरी लेकरू असतं आणि असं झालं असतं तर, हा विचार मला झोपू देत नाही. ब्रिटनमधला 2022 चा अभ्यासही हेच सांगतो: दुखापत जुनी आणि गुडघा सटकतच राहिला असेल, तर व्यायामावर थांबलेल्यांपेक्षा ऑपरेशनवाल्यांचं जास्त बरं झालं. शिवाय दर वेळी सटकताना आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. ती एकदा गेली की परत येत नाही. व्यायाम मात्र फुकट गेला नाही, कारण मांडी भरलेली आणि पाय सरळ होणारा असेल तर ऑपरेशननंतर सांधा आखडण्याची भीती पुष्कळ कमी होते.

आई, तू विचारलंस की फाटलंय तर टाके घालून शिवत का नाहीत. सुरुवात खरोखर तिथूनच झाली होती. 1895 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे मेयो रॉबसन या सर्जननी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंटं शिवली होती. पण पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सचे शिवलेले गुडघे 5 वर्षांनी तपासले तेव्हा बहुतेक सगळे पुन्हा अस्थिर झालेले निघाले. जखम भरायला आधी रक्त साकळावं लागतं. गुडघ्याच्या आत सांध्याचं पाणी असतं, त्यात ते साकळत नाही, धुऊन जातं. त्यामुळे दोन टोकं समोरासमोर आणली तरी मधे भरायला काही उरत नाही.

अलीकडे शिवण्याची पद्धत परत आली आहे. फाटलेली टोकं मांडीच्या हाडाजवळून निखळली असतील तर शिवून त्याला मजबूत टेपचा आधार देतात. दुसरी पद्धत बॉस्टनच्या डॉ. मार्था मरे यांची: कोलॅजन या प्रथिनाचा स्पंजसारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून मधे बसवायचा, म्हणजे रक्त तिथेच धरून राहतं. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये तिला मान्यता मिळाली, पण दुखापतीनंतर 50 दिवसांच्या आत करण्याच्या अटीवर. मला हा विचार फार आवडला. पण माझं लिगामेंट मधोमध फाटलंय, टोकं जुन्या दोरखंडासारखी पिंजली आहेत आणि ते दिवस केव्हाच उलटून गेलेत. म्हणजे शिवणं नाही, नवीन बसवणं.

नवीन म्हणजे शरीरातलीच दुसरीकडची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून लिगामेंटच्या जागी लावायची. ती कुठली, यावर मी सर्वांत जास्त विचार केला. पहिली म्हणजे वाटीच्या खालच्या कंडरेचा मधला तिसरा भाग, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. तो फार भरवशाचा मानतात, कारण हाडाला हाड धरायला 6 ते 8 आठवडे पुरतात. जोरात वळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या खेळाडूंना बरेच सर्जन तोच सुचवतात. पण त्यानंतर पुष्कळांना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत राहतं, विशेषतः गुडघे टेकून बसताना. माझं कामच तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर गुडघे टेकून चालतं. त्यांच्या उंचीवर जाऊन बोलता आलं नाही तर मी त्यांची बाई कसली?

म्हणून मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग घ्यायचं ठरलं. नडगीच्या आतल्या अंगाला बोटभर छेद घेऊन ती कंडरा काढतात, घडी घालून चारपदरी करतात. गुडघा टेकताना त्रास कमी. उणं काय तेही सांगते, नाहीतर बाबा शोधून काढतीलच. कंडरेला हाडात मुरायला जास्त आठवडे लागतात, पाय मागे पूर्ण दुमडताना जोर थोडा कमी पडतो, आणि तरुण खेळाडूंमध्ये ती पुन्हा फाटण्याचं प्रमाण वाटीच्या कंडरेपेक्षा थोडं जास्त दिसलंय. मी पस्तिशी ओलांडली आहे आणि स्पर्धेत उतरायचं नाही, त्यामुळे हा धोका मला परवडतो. घडी घातल्यावर जाडी 8 मिलिमीटरच्या खाली भरली तर तो ग्राफ्ट, म्हणजे बसवायची कंडरा, टिकायला कच्चा मानतात. डॉक्टर टेबलावरच मोजणार आहेत आणि कमी भरली तर शेजारची दुसरी कंडरा जोडून जाडी वाढवणार आहेत. आई, काढलेली कंडरा पुष्कळ जणांच्या मांडीत कालांतराने बऱ्याच अंशी पुन्हा वाढते. हे मला कळलं तेव्हा आधी तुलाच सांगावंसं वाटलं. वाटीच्या वरची जाड कंडराही हल्ली बरेच जण वापरतात, पण आमच्या डॉक्टरांचा हात हॅमस्ट्रिंगवर बसलेला आहे, आणि ज्यांच्या हातून जे रोज होतं तेच करून घ्यावं असं मला वाटतं.

आणि तू म्हणालीस ते. "माझी घे, मला आता कुठे धावायचंय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. आई, तू वेड्यासारखं काही बोलली नाहीस. ऑस्ट्रेलियात सर्जननी हे खरोखर केलंय. वाढत्या वयातल्या मुलांचं लिगामेंट फाटलं तर त्यांची स्वतःची कंडरा अजून बारीक असते, म्हणून आईची किंवा वडिलांची हॅमस्ट्रिंग काढून मुलाच्या गुडघ्यात बसवली. त्याचे निकाल 2013 मध्ये छापून आले. मी आठ वर्षांची असते तर तुझ्याशी वाद न घालता पाय पुढे केला असता, जसा झोक्यावरून पडल्यावर करायचे आणि तू फुंकर घालायचीस. तो व्रण अजून आहे, डाव्याच गुडघ्यावर. डॉक्टरांनी पेनाने खुणा केल्या तेव्हा एक खूण बरोबर त्याच्या शेजारी आली. पण आता माझ्या पायात माझी चांगली जाड कंडरा आहे. दुसऱ्याची घेतली तर ती शरीरात रुजायला जास्त काळ लागतो आणि धावपळ करणाऱ्यांमध्ये लवकर तुटते. तुझ्या मांड्या तुला जिना उतरायला हव्यात. त्या शाबूत ठेव.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कृत्रिम लिगामेंटचं कात्रण वाचलं. 1980 च्या दशकात डेक्रॉन, गोअरटेक्स, कार्बन फायबर असं बरंच काही गुडघ्यात घालून पाहिलं गेलं. त्याचे धागे झिजून तुटायचे, कण सांध्यात सुटायचे आणि गुडघा सुजायचा. आता नवे प्रकार आलेत, पण पहिल्या ऑपरेशनला माझी स्वतःची कंडरा असताना मला ते नको. लवकर मैदानात उतरायची घाई ज्यांना आहे त्यांनी तो विचार करावा, मला घाई नाही.

बसवायची पद्धत थोडक्यात सांगते. लिगामेंटला मुळात दोन जुड्या असतात. काही सर्जन दोन्ही वेगळ्या बसवतात, पण त्यात हाडात बोगदे जास्त पाडावे लागतात आणि रोजच्या वापरात फार फरक पडल्याचं दिसत नाही, म्हणून माझी एकच जुडी. पूर्वी मांडीच्या हाडातला बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडायचे, त्यामुळे नवं लिगामेंट फार उभं बसायचं. नडगी पुढे यायची थांबायची, पण वळताना गुडघा फिरायचाच. आता वेगळ्या छिद्रातून, जुनं लिगामेंट जिथे चिकटलेलं होतं त्याच जागी बोगदा पाडतात. मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. कंडरा कुठली यावर सगळे भांडतात, पण बोगदा चार मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कुठलीही कंडरा काय करणार? वरच्या बाजूला हाडाच्या बाहेर एक छोटं धातूचं बटण कंडरेला टांगून धरतं, खाली विरघळणारा स्क्रू. बटण आतच राहतं, काढावं लागत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने आणखी एक पट्टी लावायचीही पद्धत आहे. 14 ते 25 वर्षांच्या 618 जणांवर 2020 मध्ये छापलेल्या अभ्यासात त्या पट्टीमुळे हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट 2 वर्षांत फाटण्याचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. माझ्या वयाला आणि कामाला ती सहसा लागत नाही. भूल दिल्यावर गुडघा फारच फिरतोय असं दिसलं तर लावतील. तसा छेद जादा दिसला तर घाबरू नका.

मेनिस्कसचं मात्र आत पाहिल्यावरच ठरेल. शिवता आली तर शिवणार, नाहीतर फाटलेला भाग कातरणार. मी शिवायचा आग्रह धरलाय, कारण ती गादी पुढे म्हातारपणी लागते. शिवली तर काही आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नाही आणि गुडघा 90 अंशांच्या पुढे वाकवायचा नाही. म्हणजे कुबड्या जास्त दिवस दिसतील. तो बिघाड नसेल, चांगलं काम झाल्याची खूण असेल.

भूल कमरेतून, रात्रभर दवाखान्यात. जंतुसंसर्गाचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं, आणि कंडरा बसवण्याआधी प्रतिजैविकात भिजवून ठेवतात. नडगीच्या वरच्या भागात हाताएवढा पट्टा बधिर राहू शकतो, त्याने चालण्याला काही होत नाही. पुढे सांधेदुखी होणारच नाही असं कुणी लिहून देत नाही, पण सटकता गुडघा घेऊन बसण्यापेक्षा ही वाट मला बरी वाटते.

आता माझ्या सोयीचं. खोली तळमजल्यावर केली आहे. कमोडवर बसायला वरून उंच सीट बसवली, न्हाणीघरात खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा. पलंगाची उंची मोजून ठोकळ्यांनी वाढवली, म्हणजे उठताना गुडघा जास्त वाकणार नाही. बर्फाच्या पिशव्या, पाणी आणि चार्जर उजव्या हाताला. आई, एक नीट लक्षात ठेव: उशी टाचेखाली घ्यायची, गुडघ्याखाली कधीच नाही. गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं, पण पाय पूर्ण सरळ व्हायचा राहतो, आणि तो सरळ होणं सर्वांत आधी महत्त्वाचं. तू मायेने माझ्या गुडघ्याखाली उशी सरकवशील हे मला आत्ताच दिसतंय.

म्हणूनच पहिले दोन आठवडे तुम्ही येऊ नका. रागावू नका, पूर्ण वाचा. दादाने रजा घेतली आहे, तो शेजारच्या खोलीत झोपणार. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांनी जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि प्रवासात ते दोन्ही करतात. आई, तू असलीस की मी लहान होते. तू पाणी हातात देशील, पांघरूण घालशील, "पड जरा" म्हणशील आणि मी पडून राहीन. मला त्या दिवसांत दर तासाला उठायचंय, दुखलं तरी. तिसऱ्या आठवड्यात दादा परत जाईल, तेव्हा खरी गरज आहे. तेव्हा या आणि हवं तितकं राहा.

आल्यावर तुला एक मोठं काम आहे. साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या मधे दुखणं जातं आणि माणसाला वाटतं, झालं बरं. नेमकी तेव्हाच आतली कंडरा सर्वांत नाजूक असते, कारण तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात आणि ती लिगामेंट व्हायला लागलेली असते. तेव्हा मी जिन्यावर घाई केली, वर्गात जायचं टुमणं लावलं, की मला रागवायचं. खेळायचं नाव 9 महिने नाही. 2016 च्या एका अभ्यासात 9 महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबण्याने पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. पोटरी दुखली किंवा सुजली तर ती चोळायची नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. दादालाही हे सांगून ठेवलंय.

आता तुम्ही दोघं. बाबांनी डोळ्यात थेंब वेळेवर घालायचे, आणि घातल्यावर वहीत टिक करायची, "घातले असतील" चालणार नाही. रक्तदाबाची गोळी संपायच्या आत आणायची. रात्री उठताना आधी दिवा, मग पाय खाली. आईने कंबर धरली असताना वरच्या कपाटातलं काही काढायचं नाही, ते तसंच राहू दे. फिरायला जाताना बाबांनी काठी घ्यायची, लाज वाटली तर मलाही कुबड्या आहेत असं सांगा.

गुरुवारी सकाळी मला आत नेतील. काम तास-दीड तासाचं आहे, पण भूल आणि तयारी धरून बाहेर यायला दुपार होईल. बाहेर आल्याआल्या दादा फोन करेल, तोवर तुम्ही त्याला करू नका, त्याला डॉक्टरांशी बोलायचं असेल. संध्याकाळी मी स्वतः बोलेन. आवाज जड वाटला तर ते औषधामुळे.

बाबा, एवढं वाचूनही काही विचारायचं राहिलं असेल तर कागदावर लिहा, दादाला फोटो पाठवा. बुधवारी डॉक्टरांना शेवटचं भेटायचंय, तुमचा एकेक प्रश्न मी त्यांना विचारून घेईन.

तुमची,
सोनू